43 आणि 13 : 1969च्या शेव्हेलचा डिफरन्शियल उघडला तेव्हा

ताशी 45 मैल झाले की आवाज सुरू व्हायचा. लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा एकसुरी, पण पट्टी चढी. ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला की 45 ते 58 पर्यंत तो साथ सोडत नसे. पाय पूर्ण उचलला की त्या क्षणी बंद. पुन्हा पाय ठेवला की पुन्हा हजर.

गाडी 1969ची शेव्हरोले शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) 396. मिशिगनमधल्या एका शेतावरच्या कोठारातून मी ती 2021 साली घेतली. इंजिन बाहेर काढलेलं, सीटा एका कोपऱ्यात, रंग जागोजागी उडालेला. मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आडवा आस आणि त्याच्या मध्यभागी बसलेला डिफरन्शियल, तेवढा जागेवर होता. विकणारा म्हणाला, मागे फक्त पिनियनचं (इंजिनकडून फिरणाऱ्या लहान दातेरी चाकाचं) ऑईल सील बदललंय, बाकी कुणी हात लावलेला नाही. पुढची तीन वर्षं मी इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि पत्र्याच्या कामात होतो. मागचा ॲक्सल धुऊन, तेल बदलून तसाच ठेवला. तो ‘फक्त’ हा शब्द मी तेव्हाच गंभीरपणे घ्यायला हवा होता.

हा ॲक्सल बदलून दुसरा टाकणं सोपं होतं. बाजारात नवे, जास्त ताकदीचे तयार ॲक्सल मिळतात. पण या गाडीच्या बाबतीत मागचा ॲक्सल हा पुरावा आहे. 1969 साली शेव्हेलमध्ये एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं. झेड25 नावाचं ते एक ऑप्शन पॅकेज होतं आणि त्या वर्षी 86,307 गाड्यांवर ते लागलं. गाडीच्या व्हिन नंबरावरून (कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकावरून) ती एसएस आहे की साधी मालिबू, हे कळत नाही. म्हणून ज्याला खरं-खोटं पाहायचं असतं तो कागद शोधतो, आणि कागद नसले तर लोखंड वाचतो. साध्या मालिबूला सहसा 10 बोल्टच्या झाकणाचा ॲक्सल असे, एसएस 396ला 12 बोल्टचा. त्यातल्या क्राऊन व्हीलचा, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या दातेरी चाकाचा, व्यास 8.875 इंच. कोणीही 12 बोल्टचा ॲक्सल नंतर बसवू शकतो, म्हणून नुसते बोल्ट मोजून भागत नाही, तारखा जुळाव्या लागतात.

त्या जुळत होत्या. वायर ब्रशने पंचावन्न वर्षांचं काळं किटण काढल्यावर हाऊसिंगवर, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावर, ओतकामाची तारीख दिसली: बी, 24, 9. बी म्हणजे फेब्रुवारी, 9 म्हणजे 1969. ॲक्सलच्या उजव्या नळीवर छाप होता, त्यात 4 मार्चची तारीख, मग जी आणि शेवटी ई. जी म्हणजे डेट्रॉईटचा शेव्हरोले गिअर अँड ॲक्सल कारखाना, ई म्हणजे आतला पॉझिट्रॅक्शन प्रकारचा डिफरन्शियल ईटन कंपनीचा. डॅशबोर्डमागच्या पत्र्यावर गाडी बांधल्याचा आठवडा मार्चचा तिसरा. ओतकाम, मग ॲक्सलची जोडणी, मग गाडी. क्रम बरोबर लागतो.

तो कारखाना डेट्रॉईट आणि हॅमट्रॅमकच्या सीमेवर होता. 1994 साली जनरल मोटर्सने तो विकला आणि त्यातून अमेरिकन ॲक्सल ही कंपनी उभी राहिली. आमच्या घरापासून गाडीने अर्धा तासही लागत नाही. जिथे हे दाते कापले गेले तिथून इतक्या जवळ बसून ते काढून फेकायचे, हे मला जमणारं नव्हतं.

रस्त्यावरची तपासणी

तक्रारी तीन होत्या. पहिली वर सांगितलेला आवाज. दुसरी, गिअर डी (पुढे) वरून आर (रिव्हर्स) मध्ये टाकला की मागे ‘खण्’ असा ठोका. तिसरी, कमी वेगात तीव्र वळण घेताना मागची चाकं अडखळत, धडधडत वळायची. ही तिसरी तक्रार आमच्याकडे फार जाणवते. डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर बऱ्याच चौकांत डावीकडे थेट वळता येत नाही. चौक ओलांडून पुढे जायचं, दुभाजकातल्या फटीतून यू-टर्न घ्यायचा, परत यायचं आणि मग उजवीकडे वळायचं. याला इथे मिशिगन लेफ्ट म्हणतात. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याच रस्त्यावर वुडवर्ड ड्रीम क्रूझ हा जुन्या गाड्यांचा मेळा असतो, 1995पासून, 2020चा अपवाद सोडला तर दरवर्षी. तिथे ही गाडी न्यायची तर दिवसभरात असे वीस यू-टर्न नक्की होते.

तीनही तक्रारींचं मूळ एकच असेल असं धरून चालणं ही या कामातली नेहमीची चूक. मी त्या वेगळ्या ठेवल्या.

आधी आवाज. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. गुळगुळीत डांबरावरून खरबरीत काँक्रीटवर गेलो, आवाज तोच. चाकाच्या बेअरिंगचा आवाज गाडी डावी-उजवीकडे झुकवली की कमी-जास्त होतो, तसंही झालं नाही. आवाज पायाला बांधलेला होता: ओढ असताना आहे, ओढ गेली की नाही. पायाबरोबर येणारा-जाणारा आवाज हा दात्यांचा. दात्याला दोन बाजू असतात. इंजिन गाडीला ओढतं तेव्हा एक बाजू काम करते, गाडी इंजिनला ढकलते तेव्हा दुसरी. आमचा आवाज ओढीच्या बाजूचा होता. त्याच्याखाली कान लावून ऐकलं तर एक हलकी घरघरही होती, आणि ती चाकाच्या फेऱ्यांपेक्षा पुष्कळ जलद होती. पिनियन चाकाच्या तिप्पट वेगाने फिरतो. घरघर पिनियनच्या बेअरिंगची असावी, अशी शंका तिथेच आली.

एक सावधगिरी इथे सांगून ठेवतो, कारण तिची किंमत फार मोठी असते. पॉझिट्रॅक्शन म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना एकत्र ओढणारा डिफरन्शियल. एकच चाक जॅकवर उचलून इंजिन चालू करून गिअर टाकला, तर जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून ढकलून देईल. चाक फिरवून ऐकायचं असेल तर दोन्ही चाकं अधांतरी, ॲक्सलच्या नळ्यांखाली भक्कम स्टँड, आणि पुढच्या चाकांना ठोकळे.

उघडण्याआधी मोजलेलं

मी कोल्हापूरचा. शाळेच्या सुट्टीत शिवाजी उद्यमनगरात मामांच्या गॅरेजमध्ये बसायचो. ट्रकचा डिफरन्शियल उतरवला की मामा आधी खडूने जमिनीवर एक रेघ ओढायचे आणि निघेल तो प्रत्येक भाग तिच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवायचे. रेघेच्या अलीकडची बेअरिंगची वाटी पलीकडे गेली तर हातावर पाना बसायचा. क्राऊन-पिनियन सुटण्याआधी त्यांना दात्यांवर रंग हवा असे. ‘आधी त्याचं म्हणणं ऐकून घे, मग पाना लाव’ असं ते म्हणत. त्यांच्या बोलण्यातली किती तरी वाक्यं विसरलो, हे मात्र हातात राहिलं.

झाकणाचे 12 बोल्ट सैल करून खालून तेल काढलं, कारण या हाऊसिंगला तेल सोडायचा प्लग नाही. गंधकाचा तो ओळखीचा उग्र वास गॅरेजभर पसरला. तेल पातळ चंदेरी दिसत होतं. चुंबक फिरवलं तर त्यावर दळलेल्या शिसपेन्सिलीसारखी भुकटी आणि तीन-चार चपटे तुकडे आले. नखाएवढे नव्हते, पण बोटाला टोचणारे होते. भुकटी जुन्या ॲक्सलमध्ये असतेच. चपटा तुकडा म्हणजे कुठल्या तरी बेअरिंगची त्वचा सोलली गेली आहे.

काही काढायच्या आधी क्राऊन व्हीलच्या दात्यावर डायल गेज लावून प्ले, म्हणजे क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांमधला सैलपणा, मोजला. मापं थाऊमध्ये देतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्याकडच्या मशीन शॉपमध्ये हाच शब्द चालतो. चार ठिकाणी 13, 14, 13, 16 थाऊ आले. या ॲक्सलला 6 ते 10 थाऊ हवे असतात, आणि चार ठिकाणच्या मापांत 2 थाऊपेक्षा जास्त फरक नको. मग पिनियनचं योक (पुढून येणारा शाफ्ट जिथे जोडतात ते टोक) हाताने वर-खाली हलवून पाहिलं. ते हललं. जाणवण्याइतकं हललं. दाबात आवळलेल्या बेअरिंगमध्ये बसलेला पिनियन असा हलूच शकत नाही.

पुढे दात्यांना पिवळी मार्किंग पेस्ट लावली. क्राऊन व्हील कापडाच्या पट्ट्याने थोडं अडवून धरलं आणि पिनियन फिरवला. ओढीच्या बाजूला छाप दात्याच्या माथ्याकडे उमटला. म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यापासून लांब सरकलेला, उथळ बसलेला. सगळा भार दात्याच्या अंगावर पडायच्या ऐवजी त्याच्या वरच्या काठावर पडत होता. आवाज तिथूनच येत होता.

भिंग लावल्यावर आणखी एक गोष्ट दिसली आणि या सगळ्या कामाचा निर्णय तिच्यावर झाला. दात्यावर झिजेचे दोन पट्टे होते. एक रुंद, मंद झळाळीचा, दात्याच्या बरोबर मध्यावर: पन्नास वर्षांत पडलेला. दुसरा अरुंद, लखलखीत, माथ्याच्या काठाला: हा नवा. म्हणजे हे दाते बहुतेक आयुष्य आपल्या जागी चालले होते. अलीकडे कधी तरी पिनियन हलला होता.

सील बदलताना काय घडलं

पिनियन बाहेर काढल्यावर गोष्ट पूर्ण झाली. पिनियनला दोन टेपर बेअरिंग असतात, एक डोक्याजवळ मोठं, एक पुढे योकजवळ लहान. दोघांच्या मध्ये पातळ पोलादाची एक बाही, तिला क्रश स्लीव्ह म्हणतात. योकचा नट आवळला की ही स्लीव्ह थोडी चिरडते आणि दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे ठरावीक दाबाने आवळली जातात. त्या दाबाला प्रीलोड म्हणायचं. नवं बेअरिंग असेल तर पिनियन फिरवायला साधारण 20 ते 25 इंच-पाउंड लागावेत. हाताला जेमतेम जाणवेल एवढा विरोध.

सील बदलायचं तर नट काढावाच लागतो. तो परत लावताना नटाची जुनी जागा खुणेने धरून, अगदी तेवढाच आवळायचा असतो. ज्याने कुणी सील बदललं त्याने खूण केली नसावी आणि नट हवेच्या इम्पॅक्ट गनने ठोकून आवळला असावा, कारण नटाचे कोपरे गोल झाले होते आणि काढलेली स्लीव्ह नव्या स्लीव्हच्या शेजारी ठेवली तर कल्पनेपेक्षा कितीतरी आखूड होती. स्लीव्ह जास्त चिरडली, प्रीलोड मर्यादेबाहेर गेला, बेअरिंग तापलं. डोक्याजवळच्या बेअरिंगचे रोलर निळसर झाले होते आणि वाटीवर एका बाजूला सोललेले खड्डे होते. त्वचा गेली की तोच घट्ट प्रीलोड ढिला होतो. ओढीत पिनियनवर बळ असं पडतं की तो क्राऊनपासून पुढे ढकलला जातो, आणि ते बळ झेलतं डोक्याजवळचं बेअरिंग. तेच गेलं. म्हणून ओढीत पिनियन लांब जायचा आणि आवाज यायचा, पाय उचलला की बळ उलटायचं आणि आवाज थांबायचा. एक गळतं सील, दहा मिनिटांची घाई, आणि मग एक एक करून पुढचं सगळं.

मला राग आला तो त्या माणसाचा नाही. त्याने कुठेही काही लिहून ठेवलं नव्हतं, खूण ठेवली नव्हती, याचा आला. नळीवर खडूने ‘नट खोलला’ एवढं लिहिलं असतं तर मी ही गाडी तीनशे मैल अशी चालवली नसती.

नवे दाते की जुने

इथे सल्ले पुष्कळ मिळाले. गाडीत 3.31चं गुणोत्तर आहे. क्राऊनवर 43-13 कोरलंय: 43 भागिले 13. बहुतेकांचं म्हणणं होतं की उघडलाच आहे तर 4.10 टाक, गाडी उडेल. 26 इंची टायर धरून ताशी 70 मैलांना इंजिन किती फिरेल याचा हिशेब मी मांडला. 3.31ला साधारण 2,990, 3.73ला 3,370, 4.10ला 3,700 च्या वर. या गाडीचा टर्बो 400 गिअरबॉक्स तीन गिअरचा, त्यात ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा गिअर) नाही. चार-चार तास हायवेवर 3,700 फेऱ्यांत बसणं मला नको होतं. शिवाय 3.73च्या वर गेलं की या ॲक्सलमध्ये कॅरिअरही (क्राऊन व्हील ज्यावर बसतं तो भाग) बदलावा लागतो किंवा जास्त जाडीचं क्राऊन व्हील घ्यावं लागतं. म्हणजे ईटनचा मूळचा पॉझिट्रॅक्शन निघाला.

आणि जोर कमी नाहीच. 325 हॉर्सपॉवरच्या या 396 इंजिनाचा त्या काळच्या मोजणीने टॉर्क 410 फूट-पाउंड. पहिल्या गिअरचे 2.48 आणि मागचे 3.31 यांनी गुणलं, टॉर्क कन्व्हर्टरने होणारी वाढ सोडून दिली, तरी ॲक्सलवर 3,300 च्या वर फूट-पाउंड येतात. त्या 13 दात्यांवर.

उरला प्रश्न: नवी 3.31ची जोडी की हीच जुनी? नवी जोडी घेतली तर ती माझ्या मापाने बसवता आली असती, स्वच्छ पाटी. जुन्या जोडीला धोका असा की चुकीच्या जागी चालून दात्यांचा आकार बिघडला असेल तर कितीही नीट बसवा, ती आवाज देत राहते. पण क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासले जातात, मध्ये घासणीची पेस्ट घालून, एकमेकांवर फिरवून. दोघांवर एकच जुळणीचा आकडा कोरतात. एकाचा पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लावत नाहीत. या जोडीवरचा आकडा जुळत होता. माथ्याचा तो अरुंद पट्टा मी नखाने तपासला, नख कुठे अडकलं नाही. खड्डा नाही, काठाला चिरा नाही. मग जुनीच ठेवली.

आमच्या ब्लॉकवर एक निवृत्त गृहस्थ राहतात, तिशीपासून गिअर अँड ॲक्सलमध्ये होते. त्यांना दाते दाखवले. बराच वेळ भिंगातून पाहून ते म्हणाले, पुस्तकातला छाप शोधू नकोस, या दात्यावर जो जुना पट्टा आहे तोच तुझा नकाशा. वापरलेली जोडी तिच्या जुन्या जागी परत न्यायची, तिला नवी जागा शिकवायची नाही. नव्या जोडीसाठीचे नियम वापरलेल्या जोडीला जसेच्या तसे लावले की गडबड होते, हे मी आजवर वाचलेल्या कुठल्याही माहितीपेक्षा त्यांच्याकडून जास्त स्पष्ट समजलं.

शिम 31, शिम 33

पिनियनच्या डोक्याखाली आणि बेअरिंगच्या मध्ये एक शिम, म्हणजे जागा साधणारी पातळ चकती, असते. ती जाड केली की पिनियन क्राऊनकडे आत सरकतो. माझ्या बाजूने एक गोष्ट होती: आधीच्या माणसाने फक्त सील बदललं होतं, म्हणून ही शिम कारखान्यातलीच होती. बेअरिंग प्रेसवर काढून ती मोजली: 31 थाऊ. तीच परत टाकली, नवी बेअरिंग घातली, क्रश स्लीव्ह न घालता तात्पुरतं जोडलं, पेस्ट लावली. छाप आला, पण जुन्या पट्ट्याच्या किंचित वर.

शिम तीच, जागा तीच, मग फरक कुठून? दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की शिम जुनी असली तरी बेअरिंग नवं आहे. जुनं बेअरिंग वाटीसकट आणि नवं वाटीसकट, दोन्ही सपाट पाटीवर ठेवून डायलने जाडी मोजली. जुन्याची मोजणी न सोललेल्या बाजूने केली. नवं 2 थाऊने पातळ होतं. पिनियन तेवढाच बाहेर राहत होता. मग 33ची शिम घातली. छाप जुन्या रुंद पट्ट्यावर असा बसला की कुठे पेस्ट संपते आणि कुठे जुनी झळाळी सुरू होते, ते भिंगाशिवाय कळेना. खात्री म्हणून 35 घालूनही पाहिलं. छाप दात्याच्या बुडाकडे गेला. परत 33.

ही तीन वेळची उलाढाल जमली ती एका जुन्या युक्तीमुळे. काढलेलं बेअरिंग फेकायचं नाही. त्याचं आतलं भोक एमरीने हलकं मोठं करायचं, की ते पिनियनवर हाताने सरकतं. मापासाठी ते वापरायचं आणि शेवटी एकदाच नवं प्रेसवर ठोकून बसवायचं. माझं जुनं सोललेलं असल्यामुळे या कामासाठी मी नव्याचंच एक जास्तीचं घेतलं. तो खर्च मला अजिबात जड वाटला नाही. प्रेसवर तीनदा चढवलेलं-उतरवलेलं बेअरिंग गाडीत घालण्याची वेळ आली नाही.

आता बाजूच्या शिमा. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना बिडाच्या शिमा असतात, जुन्या आणि ठिसूळ. एक काढतानाच तुटली. त्या परत ठोकून बसवूच नयेत, पोलादी शिमांचा संच घ्यावा. कॅरिअरच्या टोप्या डाव्या-उजव्या अदलाबदल होत नाहीत म्हणून काढतानाच त्यांवर पंचने एक टिंब, दोन टिंबं ठोकली होती. पहिल्या जोडणीत प्ले 12 थाऊ आला. क्राऊनच्या बाजूची शिम 4 थाऊने वाढवली, पलीकडची तेवढीच कमी केली. कॅरिअर जितका सरकतो त्याच्या साधारण दोन तृतीयांश प्ले बदलतो. चार ठिकाणी 9, 9, 8, 10 आले. त्यावर दोन्ही बाजूंना 4-4 थाऊ जास्तीची जाडी घालून बेअरिंग दाबात बसवली.

शेवटी क्रश स्लीव्ह, आणि इथे मीही चुकलो. स्लीव्ह चिरडायला 4 फुटी दांडा लागतो, योक धरायला दुसरा. सुरुवातीला काही होत नाही, मग एकदम ती नमते आणि त्यानंतर नट अगदी थोडा फिरला तरी प्रीलोड उडी मारतो. मी दर एवढ्यातेवढ्या आवळणीनंतर मोजत होतो. 9, 12, 16. मग एक ओढ जरा जास्त झाली आणि काटा 34 वर गेला. नट थोडा मागे फिरवून 22 आणता येतो असं हाताला वाटतं. ते करू नये. चिरडलेली स्लीव्ह परत लांब होत नाही, नट मागे घेतला की बेअरिंग सैल आणि नटही सैल. पुन्हा सगळं काढलं, दुसरी स्लीव्ह, नवा नट. दुसऱ्या वेळी 22 वर थांबलो. त्या संध्याकाळी त्या सील बदलणाऱ्या माणसाच्या हाताखाली काय घडलं असेल ते मला पहिल्यांदा नीट कळलं. त्याच्याकडे दुसरी स्लीव्ह नसेल, एवढाच फरक.

पॉझिट्रॅक्शन आणि ठोका

वळणावरच्या धडधडीचं कारण वेगळंच निघालं आणि ते सोपं होतं. ईटनच्या या डिफरन्शियलमध्ये दोन्ही बाजूंच्या गिअरमागे क्लच प्लेटा असतात आणि मध्ये दोन पट्ट्यांत धरलेल्या चार स्प्रिंगा त्यांना दाबून ठेवतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून या प्लेटा एकमेकांवर घसराव्या लागतात. त्यासाठी तेलात एक वेगळं द्रव्य घालतात. मी तीन वर्षांपूर्वी तेल बदललं तेव्हा ते घातलंच नव्हतं. प्लेटा कोरड्या घासून काळवंडल्या होत्या. चूक सरळ माझी.

स्प्रिंगांचा तो जुडगा खिडकीतून काढताना सी-क्लॅम्प लावून धरावा. ताणलेली स्प्रिंग सुटली तर ती दिशा विचारत नाही. नव्या प्लेटा रात्रभर त्याच द्रव्यात भिजवल्या, मऊ स्प्रिंगा घातल्या, कारण गाडी शर्यतीची नाही.

उजव्या ॲक्सलच्या दांड्यावर बेअरिंगच्या जागी खोबण पडली होती. या ॲक्सलमध्ये बेअरिंगचे रोलर थेट दांड्यावरच फिरतात, आतली वाटी नसते, म्हणून झीज दांड्यालाच होते. दांडा नवा घेतला.

डी वरून आर मध्ये टाकतानाचा ठोका तर डिफरन्शियलचा नव्हताच. शेव्हेलच्या मागच्या ॲक्सलला चार दांड्या धरून ठेवतात. वरच्या दोन हाऊसिंगच्या कानांना जोडलेल्या असतात आणि त्या कानांत रबरी बुश असतात. पंचावन्न वर्षांचं रबर कुटल्यासारखं हातात आलं. नवे बुश प्रेसने बसवले, ठोका गेला. ॲक्सल जमिनीवर असताना हे काम अर्ध्या तासाचं आहे, गाडीखाली आडवं पडून केलं तर दिवसाचं.

रस्त्यावर

जुलैच्या शेवटी गाडी बाहेर काढली. पहिले वीस मैल 50च्या आत, मग थांबून ॲक्सल थंड होऊ दिला. हात लावून पाहिलं, पिनियनजवळ गरम, पण हात ठेवता येत होता. शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठच्या आकारात दहा फेऱ्या डावीकडे, दहा उजवीकडे मारल्या, क्लच प्लेटांत तेल पोचावं म्हणून. पाचव्या फेरीनंतर धडधड थांबली.

45 ला मी श्वास धरून होतो. पन्नास. पंचावन्न. ओढीत आवाज नाही. पाय उचलला तर 52 ते 55 मध्ये एक अगदी पुसट गुणगुण ऐकू येते, खिडक्या बंद असतील तरच. हे आधी नव्हतं किंवा आधीच्या आवाजाखाली दबलेलं होतं. उलट्या बाजूच्या दात्यांवरचा छाप मी पुन्हा तपासला, तो जुन्या पट्ट्यावरच आहे. त्याच्यासाठी पिनियन हलवला तर ओढीची बाजू बिघडेल. ते तसंच ठेवलं आहे.

ड्रीम क्रूझला गाडी गेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सव्वीस यू-टर्न मोजले, मुलगी मोजत होती. 500 मैलांवर तेल बदललं. चुंबकावर भुकटी होती, तुकडा एकही नव्हता.

जुनी 31ची शिम, तुटलेली बिडाची शिम आणि जास्त चिरडलेल्या दोन्ही स्लीव्ह एका डब्यात ठेवल्या आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला कायम शाईने लिहिलंय: पिनियन शिम 33, प्ले 8 ते 10, प्रीलोड 22, नवी बेअरिंग, जुनी जोडी 43-13, तेलात क्लचचं द्रव्य घातलं आहे. हेच सगळं एका पत्र्याच्या पट्टीवर कोरून ती झाकणाच्या वरच्या बोल्टाखाली लावली आहे. त्याखाली एक ओळ आहे: नट खोलायच्या आधी खूण करा.